डिंगोऱ्याच्या भावजींची न दिसणारी वायर

आपण केलेलं काम कुणाच्या नजरेला पडू नये, एवढ्या एकाच ध्यासापायी जन्म झिजवणारा माणूस साऱ्या जुन्नर-आंबेगावात एकच निपजला आणि तो नेमका आमच्या ह्यांचा मावसभाऊ निघाला. बाकीची माणसं देवळाला पंखा दिला तर पंख्याच्या तिन्ही पात्यांवर नाव घालून घेतात. मग पंखा फिरायला लागला की नाव वाचता येत नाही आणि नाव वाचायचं तर उकाड्यात बसावं लागतं. डिंगोऱ्याच्या भावजींचं सगळं उलटं. गाड्यांच्या आतून वायर नेणं हा त्यांचा धंदा. गाणी लावायचा डबा, मागचं दिसायचा कॅमेरा, पायाशी दिवा, मोबाईल चार्ज करायची जागा, काय हवं ते सांगा, ते बसवतील. पण बॅटरीपासून तिथवर वीज कुठल्या वाटेनं गेली ते तुम्हाला कळणार नाही, तुमच्या मुलांना कळणार नाही आणि ती गाडी पुढं तुमच्याकडून विकत घेणाऱ्यालाही कळणार नाही. दुकानाला पाटी नाही. पत्र्याची शेड, पुढं एक शेवगा, आणि शेवग्याखाली कुणाची तरी उघडीवाघडी गाडी, हीच त्यांची पाटी. त्यांना नाव आहे, पण ते मी इथं लिहिलं तर तेही त्यांना वायर उघडी पडल्यासारखंच वाटेल, म्हणून लिहीत नाही.

गाडीत शिरताना ते चपला बाहेर काढतात. मग गाडी शेतातलं शेण-माती घेऊन आलेली असो. लोखंडी हत्यार आतल्या प्लॅस्टिकला लावायचं नाही, ओरखडा उठतो, म्हणून बांबूच्या चिपा घासून घासून जिभेसारख्या गुळगुळीत केलेल्या त्यांच्याकडे असतात. त्या चिपांनी ते दाराची आतली पट्टी, दोन दारांमधल्या खांबावरचं आवरण, पायातलं कार्पेट असं एकेक हलक्या हातानं उचकटत जातात, आणि घटकाभरात गाडीची अवस्था सोललेल्या फणसासारखी होते. मालकाचा जीव इथंच जातो. मंचरच्या एका डॉक्टरांनी नवी गाडी आणली होती, मागच्या सीटजवळ एवढासा दिवा हवा होता. गाडीचं ते रूप बघून ते कळवळून म्हणाले, "अहो काका, एवढ्याशा दिव्यासाठी एवढी चिरफाड?" भावजींनी मान वर केली नाही. म्हणाले, "डाक्टर, तुमी अपेंडिक्स काढताना पेशंटला उठवून दाखवता का? जरा भाईर बसा." डॉक्टर बाहेर शेवग्याखाली दुपारपर्यंत बसले. दुपारी गाडी जशीच्या तशी, वर दिवा. एक क्लिप उरलेली नाही की एक स्क्रू सैल नाही. उघडलेली प्रत्येक क्लिप ते ताटलीत मांडून ठेवतात, मोजून काढतात आणि मोजून लावतात, आणि ताटलीत शेवटची क्लिप असेपर्यंत कुणाशी बोलत नाहीत. त्यांच्या बायकोनं एकदा जेवायला हाक मारली आणि मोजणी चुकली, तेव्हापासून ती माउली ताट झाकून ठेवते आणि हाक न मारता नुसती भांड्यावर पळी वाजवते.

त्यांच्या कामाचे दोनच नियम. झाकलेल्या जागेत वायरला जोड द्यायचा नाही, हा पहिला. "जोड असंल तर तो उघड्यावर असावा वहिनी, हात पोचंल असा. आत दडपलेला जोड कवा दगा देईल सांगता यायचं न्हाई." वायर चार बोटं कमी पडली तर ते ती तेवढी जोडून घेणार नाहीत, सगळी ओढून काढतील आणि नवी अखंड घालतील. दुसरा नियम असा की वायर वाजता कामा नये. ती पत्र्यावर टकटकली की माणसाला उगाच वाटतं आपली गाडी म्हातारी झाली. म्हणून ते प्रत्येक वायरला कापडी पट्टी गुंडाळतात, अगदी तान्ह्या पोराला दुपट्यात गुंडाळावं तशी. खांबाच्या पोकळीतून वायर वर छतापर्यंत चढवायची युक्ती मात्र त्यांनी माझ्याकडून उचलली आहे, आणि हा एवढा एक मोठेपणा मी सोडणार नाही. मी एकदा परकरात नाडी ओवत बसले होते, टोकाला सेफ्टी पिन लावून. भावजी चहा पीत बघत होते. कप खाली ठेवून म्हणाले, "वहिनी, ती पिन जरा द्या." पिन गेली ती गेलीच. आजही त्यांच्या पिशवीत हत्यारांबरोबर परकराच्या पिना असतात आणि गिऱ्हाइकांचा त्याबद्दल काहीतरी गैरसमज होत असतो.

काम झालं की परीक्षा. हाताला माती लावून, पुसून, ते मालकाला म्हणतात, "शोधा." मालकानं आत वाकून, ओणवं होऊन, मोबाईलचा उजेड पाडून वायर शोधायची. सापडली नाही तर भावजी पैसे घेतात, सापडली तर काम पहिल्यापासून. नारायणगावच्या एका द्राक्षबागाईतदाराला सीटच्या बेचक्यात काळ्या दोऱ्यासारखं काहीतरी सापडलं आणि तो विजयानं म्हणाला, "ही बघा, घावली राव तुमची वायर." भावजींनी ते ओढून काढलं. त्याच्या बायकोच्या गंगावनाचा केस होता, हातभर लांब. बागाईतदार लाजून हसायला लागला. भावजी हसले नाहीत. त्यांनी सगळी गाडी पुन्हा उघडली. तो बिचारा म्हणे, "अहो पण केस होता तो." तर हे म्हणाले, "आज केस घावला. तुमच्या मनात वायर आली ना? मग ती मनातनं काढायला पायजे."

अशा माणसाला मी तरुणपणी काय काम लावलं ते सांगते, म्हणजे माझी तेव्हाची अक्कल कळेल. आमच्याकडे पहिली जीप आली तेव्हा मी तिशीची होते आणि अंगावर अकलेखेरीज सगळं काही घालत होते. जुनीच जीप, कुणाची तरी वापरून टाकलेली, पण आमच्या पिंपळवंडीत बाईमाणसाला मागच्या सीटवर बसवून नेणारी आमचीच. माझी अडचण एकच होती. आम्ही संध्याकाळी माहेराहून परतायचो तोवर अंधारून यायचं आणि वेशीत बसलेल्या बायकांना नुसती जीप दिसायची, मी दिसायची नाही. नवी साडी, नव्या पाटल्या, सगळं अंधारात वाया. मी भावजींना गाठलं आणि म्हटलं, आत असा दिवा बसवा की मागं कोण बसलंय ते नीट दिसलं पाहिजे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पाटल्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "उजेड कुठवर पायजे? गुडघ्यापोतर की पायापोतर?" मी म्हटलं, साडीचा काठ दिसू द्या. त्यांनी छताच्या कापडाआड दिवा बसवला. वायर अर्थातच देवालाही दिसली नसती. पहिल्याच संध्याकाळी मी पदर सावरून, मान ताठ ठेवून, उजेडात न्हाऊन गावातून गेले. पुढं आमचे हे काचेत दिव्याचं प्रतिबिंब पडून रस्ता दिसेना म्हणून बैलगाडीच्या वेगानं चालवत होते, ते तर मला मिरवणुकीसारखंच वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची काकू दारात येऊन काळजीनं म्हणाली, "काल कुणाला दवाखान्यात न्हेलं व्हतं गं? आत दिवा लावून कुणी बाई बसवली व्हती, लई सिरियस दिसत व्हती. हलत पण नव्हती." तो दिवा मी पुन्हा लावला नाही. भावजींनीही कधी विचारलं नाही. काही वर्षांनी जीप विकताना त्यांनी आपणहून येऊन तो काढून नेला, एवढंच.

आता खरी गोष्ट सांगायला हवी, जिच्यासाठी मी हे लिहायला घेतलं.

आमचे हे म्हणजे या भागातला लग्नातला माईक. लग्न कुणाचंही असो, मांडवात माईक ह्यांच्याच हातात. आलेल्या पावण्यांची नावं, गावं, हुद्दे, कोण कुणाचा साडू, कोण कुणाचा व्याही, सगळं तोंडपाठ. "पिंपळवंडीचे आण्णा माईकवर आहेत" एवढं कळलं तरी वऱ्हाडातले पुढारी सदरा नीट करून बसायचे, कारण कुणाला पहिलं नाव मिळतंय याची त्यांना धाकधूक असायची. त्या माणसाची दीड वर्षांपूर्वी उजवी बाजू गेली आणि बरोबर वाचा गेली. डावा हात चालतो. पाय ओढत, आधारानं, चार पावलं होतात. डोकं लख्ख आहे. पण तोंडातून निघतो तो एक "हां" आणि बाकी नुसता घोगरा आवाज, आणि तो आवाज आपला आपल्याला ऐकू येऊ नये म्हणून ते तोही काढत नाहीत.

मंचरला त्यांना व्यायामासाठी न्यायचो. मुलगा संपत गाडी चालवायचा, मागं हे आणि मी. एके दिवशी मी घरी राहिले आणि गाडीत संपतचे दोन पाहुणे आले, त्याच्या सासरचे. संपत नि ते बाजारभावाच्या गप्पांत रंगलेले. ह्यांना लघवीला लागली. मागून सांगायचं कसं? खांद्याला हात लावायचा तर डावा हात दाराच्या बाजूला, आणि मध्ये पाहुणा. ते नारायणगावपासून धरून बसले असावेत. मंचर यायच्या आत व्हायचं ते झालं. पाहुणे चांगले होते, कुणी काही बोललं नाही, उलट खिडकीबाहेर बघत राहिले. तेच ह्यांना लागलं. घरी आल्यावर त्यांनी माझ्याकडेही बघितलं नाही. त्या दिवसापासून सात महिने ते ओट्याची पायरी उतरले नाहीत. व्यायाम बंद. मित्र भेटायला आले तर डोळे मिटून पडायचे.

आणि मढला दिलेल्या आमच्या थोरल्या मुलीच्या मुलीचं लग्न ठरलं. पहिली नात. ह्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेकी-नातींच्या लग्नात माईक धरला, आता स्वतःच्या नातीच्या लग्नाला येणार नाहीत हे त्यांनी मान हलवून सांगितलं. नात स्वतः येऊन पाया पडली, रडली. ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुन्हा मान हलवली. मी समजावलं, रागावले, शेवटी मोठ्यांचा डायपर असतो तो घाला असंही म्हटलं. ते ऐकून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं संसार करून मला एवढं कळू नये, याला माझ्या तिशीतल्या अकलेचीच पुढची आवृत्ती म्हणावं लागेल.

भावजी लग्नपत्रिका घ्यायला आले होते. त्यांना मी स्वयंपाकघरात बोलावून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हंजी अण्णाला हाक मारायची हाय, पन हाक मारल्याली दिसाया नको."

"हो, तसंच."

"मग सोपं हाय," असं म्हणून ते उठले आणि त्यानंतर दहा दिवस त्यांनी आमच्या गाडीत काढले. म्हणजे किती सोपं ते बघा.

पहिल्यांदा त्यांनी ह्यांना ओट्यावर, गाडीतल्या सीटएवढ्या उंचीच्या स्टुलावर बसवलं. डाव्या बाजूला दाराच्या उंचीचं फळकूट धरलं. "अण्णा, डोळे मिटा. हात ठेवा. इचार नका करू, नुसता ठेवा." ह्यांनी नाइलाजानं ठेवला. शिंप्याच्या खडूनं अंगठ्याखाली खूण. "उचला. परत ठेवा." असं पंधरा-वीस वेळा. जिथं सर्वांत जास्त खुणा पडल्या ती जागा त्यांनी दाराच्या हातपट्टीवर मोजून घेतली. ब्लाउजच्या टिचबटणाएवढं बटण, त्यावर दाराच्याच रंगाचं कापड, शेजारी बसलेल्यालाही कळू नये. वायर दाराच्या सांध्यातल्या रबरी नळीतून खांबात, खांबातून कार्पेटखाली, तिथून पुढं. बटण दाबलं की पुढं डॅशबोर्डखाली एक बारीक पिपाणी वाजायची, चिमणीएवढी. संपतला आनंद झाला, मला आनंद झाला. ह्यांना ओट्यावरून ऐकवली. त्यांनी पिपाणी ऐकली आणि तोंड फिरवलं.

मी म्हटलं, "आता काय झालं? एवढं छान वाजतंय."

भावजी म्हणाले, "वाजतंय म्हनूनच. पिपाणी वाजली की गाडीतल्या सगळ्यास्नी कळनार, अण्णाला लागली. त्यापरास वरडलेलं काय वाईट व्हतं?" आणि ते चपला काढून पुन्हा गाडीत शिरले.

दुसऱ्यांदा त्यांनी पिपाणी काढून टाकली आणि कुठल्याशा मोडक्या मसाजच्या उशीतली थरथरणारी मोटर आणून संपतच्या सीटखाली, बैठकीला लागून बसवली. मागं बटण दाबलं की पुढं संपतच्या बुडाला तेवढी गुदगुदी व्हायची. आवाज नाही, दिवा नाही. शेजारी बसलेल्याला पत्ता नाही. संपतला बसवून त्यांनी पंचवीस वेळा करून बघितलं. हे ओट्यावरून बघत होते. यावेळी त्यांनी तोंड फिरवलं नाही. भावजी पायरीशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अण्णा, लगीन ऱ्हाऊ द्या. हायवेपोतर जाऊन येऊ. तुमाला वाटंल तितं दाबा, संपत थांबंल. मी आन वहिनी, दुसरं कुनी न्हाई." ह्यांनी गाडीकडे बघितलं आणि "हां" म्हणाले. सात महिन्यांनी तो माणूस पायरी उतरला.

आता यात माझा हात कसा लागला ते सांगते. संपतची पाठ दुखत होती. आमच्या रानात दर वर्षी खतासाठी मेंढरं बसवायला येणाऱ्या म्हातारीनं मला एक काळी घोंगडी दिलेली आहे, जाडजूड, उबदार. एवढ्या दिवसांनी घरधनी गाडीत बसणार, म्हणून त्या सकाळी मी कौतुकानं गाडी पुसली, पुढं हळदकुंकू लावलं आणि संपतच्या सीटवर ती घोंगडी चार पदरी घडी करून घातली. आमच्याकडे ड्रायव्हरच्या खाली काहीतरी अंथरल्याशिवाय गाडी बाहेर काढत नाहीत. कुणाच्याच लक्षात आलं नाही. भावजींच्याही नाही.

वेस गेली. कांदे साठवायच्या चाळी गेल्या. संपत मध्येच म्हणाला, "आण्णा, खुशाल दाबा बरं का." गाडी चालली होती. हायवे लागला. मी मनात म्हणत होते, बाहेरची हवा बघून रमलेत, दाबायचं विसरलेत. मग माझी नजर त्यांच्या हाताकडे गेली. अंगठ्याचं नख पांढरंफटक पडलं होतं. ते कधीपासून दाबून धरून बसले होते कोण जाणे. मी ओरडले, "संपत, थांबव." गाडी थांबेपर्यंत त्यांनी हात उचलून मांडीवर ठेवला होता आणि ते खिडकीबाहेर बघत होते, अगदी त्या दिवशीच्या पाहुण्यांसारखे.

घरी आल्यावर हे पायऱ्या चढून आत गेले ते गेलेच. भावजी एकटे ड्रायव्हरच्या सीटवर बसले. मागं कुणाला बसवायला नव्हतं म्हणून त्यांनी मला हाक मारली, "वहिनी, दाबा." मी दाबलं. "परत." परत दाबलं. मग ते खाली वाकले, घोंगडीच्या घडीला हात लावला आणि तसेच थांबले. मी म्हटलं, "भावजी, ती मी घातली."

मला वाटलं आता काहीतरी ऐकवतील. ते म्हणाले, "मला इचारायला पायजे व्हतं, सीटवर काय टाकता म्हनून. आपल्याकडं टाकत्यातच. माझीच चूक हाय."

"मग घोंगडी काढून टाकते ना. त्यात काय एवढं?"

"तुमी काढाल. उद्या सूनबाई उशी ठिवंल. परवा संपत बारदान टाकील. मान्सं बदलत न्हाईत वहिनी, वायर बदलावी." आणि तिसऱ्यांदा गाडी सोलली. यावेळी त्यांनी मोटर ड्रायव्हरच्या डाव्या पायाशी, जिथं क्लच सुटला की टाच टेकते, तिथं कार्पेटखाली बसवली. संपतच्या जुन्या चपला, बूट, अनवाणी पाय, पायमोजे, सगळं घालून बघितलं. वायर आधीची आखूड पडत होती. जोडली नाही. दारापासून सगळी नवी ओढली, अखंड.

पण हे खोलीतून बाहेर यायला तयार नाहीत. लग्न चार दिवसांवर. सांगायचं तरी काय? यावेळी नक्की थांबेल, असं आधीही सांगितलंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर आले तर भावजी गाडीच्या मागच्या सीटवर, ह्यांच्या जागेवर बसलेले. तोंडाला उपरणं गच्च बांधलेलं, उजवा हात सदऱ्यात आत घातलेला, डावा दारावर. पुढं संपत. मला वाटलं दाढ दुखतेय. संपत म्हणाला, "आई, काका म्हणालेत, आता ते बोलणार न्हाईत. आण्णांना खिडकीशी बसव." मी आत जाऊन ह्यांना खिडकीशी बसवलं आणि गाडी निघाली. आमच्या घरासमोरची गल्ली सरळ वेशीपर्यंत जाते. गाडी दहा पावलं गेली, थांबली. पुन्हा निघाली, पाण्याच्या टाकीशी थांबली. देवळाशी थांबली. वेशीवरून वळून आली, पुन्हा गेली. ज्या माणसानं आयुष्यात कधी चार लोकांत पुढं येऊन उभं राहून दाखवलं नाही, लग्नात फोटो काढायची वेळ आली की जो आचाऱ्यांकडे जाऊन बसतो, तो भर सकाळी, सारं गाव दूध घालायला निघालेलं असताना, तोंडाला फडकं बांधून गल्लीतून येरझारा घालत होता. लोक गोळा झाले.

"काय पावणं, दात काढला का काय?" एकानं विचारलं. भावजी समोर बघत राहिले.

"न्हाई रं, मौन असंल. चतुर्थी हाय ना."

"अरं मग मौनाला गाडी कशाला? आन ही सारखी थांबतीय का? संपत, क्लच गेला का तुझा?"

संपतनं नुसता गिअर टाकला. त्याला गाडी चालवताना रडू येत होतं, असं त्यानं मला पुढं सांगितलं. गाडी थांबत होती आणि निघत होती. भावजी मागं, हाक न मारता. किती फेऱ्या झाल्या कुणास ठाऊक. मी तरी मोजल्या नाहीत. मी खिडकीशी ह्यांच्यामागं उभी होते. पहिल्या फेऱ्यांना त्यांनी बघितलं नाही. मग बघायला लागले. मग गाडी थांबायच्या आधीच ते भावजींच्या हाताकडे बघायला लागले, कधी दाबतायत ते कळतं का म्हणून. एवढ्या लांबून कळायचं कसं? कळत नव्हतं. तेच त्यांना बघायचं होतं. शेवटी एकदा गाडी अगदी आमच्या दारात येऊन थांबली. ह्यांनी डाव्या हातानं माझा दंड धरला आणि उठून उभे राहिले.

भावजींनी उपरणं सोडलं, दार उघडून खाली उतरले आणि चपला शोधू लागले. एवढंच म्हणाले, "अण्णा, शोधा."

ह्यांनी शोधलं. सीटवर बसून डाव्या हातानं दार चाचपलं, सीटच्या फटी चाचपल्या, पायातलं कार्पेट बघायला मला वाकायला लावलं. वायर सापडली नाही. तेव्हा ते हसले. एका बाजूनं.

मढला आम्ही सकाळीच निघालो. भावजी आमच्याच गाडीत, पुढं, संपतशेजारी; आणि मागं, ह्यांच्या नि माझ्या मध्ये दाटीवाटीनं, मुद्दाम संपतच्या सासरचे तेच दोन पाहुणे. ही माझी कल्पना. सगळे मला रागावले होते, पण ह्यांनी "हां" म्हटलं होतं. ओतूरच्या पुढं संपतनं गाडी बाजूला घेतली, "फोन आलाय वाटतं" म्हणत खाली उतरला, मग सहज मागचं दार उघडून म्हणाला, "आण्णा, उतरताय का जरा, पाय मोकळे करायला?" पाहुणे म्हणाले, आम्हीही उतरतो. सगळे उतरले. कुणाला काही कळलं नाही. भावजी तेवढे गाडीतच बसून होते, समोरच्या काचेतून सरळ रस्त्याकडे बघत.

लग्न लागलं. संपतनं मामा म्हणून नवरीला बोहल्यावर आणलं. माईकवर दुसरंच कुणीतरी होतं, नावं चुकत होता, आणि प्रत्येक चुकीला हे माझ्या गुडघ्याला बोट लावून दाखवत होते. नातीनं सगळ्यांच्या आधी ह्यांच्या पाया पडायचं ठरवलं होतं, तशी पडली. भावजी कुठं दिसेनात. आचाऱ्यांकडे असणार, म्हणून मी बघायला गेले, तर खरंच तिथं कांदा चिरत बसले होते. मी म्हटलं, "चला, फोटोला." म्हणाले, "तुमी व्हा पुढं, आलोच." आले नाहीत.

परतताना पाहुणे मढलाच राहिले होते. डिंगोऱ्याच्या फाट्यावर भावजी उतरले. आपली पिशवी खांद्याला लावली, "येतो अण्णा, येतो वहिनी" म्हणाले आणि रस्त्याच्या कडेनं घराकडे चालायला लागले. मागं वळून बघायची त्यांना सवय नाही. संपतनं गाडी काढली, आणि चार हातही गेली नसेल तोच कडेला घेऊन थांबवली. वळून म्हणाला, "काय झालं आण्णा? उतरायचंय का?"

ह्यांनी मान हलवली. ते खिडकीतून बाहेर, मागं बघत होते. भावजी चालले होते, पाय जरा फेंगडे टाकत, उन्हं उतरलेल्या कांद्याच्या वावरांमधून. ह्यांच्या घशातून तो घोगरा आवाज निघाला, सगळ्यांपासून लपवलेला तोच. काच बंद होती. संपतनं हॉर्नकडे हात नेला, तर ह्यांनी पुन्हा मान हलवली. मग आम्ही तसेच थांबलो. भावजी विहिरीपर्यंत गेले, विहिरीपुढं वाट वळते तिथं वळले, आणि दिसेनासे झाले.

ह्यांनी बटणावरचा अंगठा तोवर उचलला नव्हता. तेवढा सगळा वेळ ती मोटर संपतच्या टाचेखाली घुमत होती, आणि त्यानं पाय हलवला नाही.